खाडीत उतरताना आधी पाणी बघा, झाड नंतर

प्रश्न थोडक्यात असा आला होता: आम्ही नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकतो. थंडीत अठरा जणांची अभ्यास सहल ठाणे खाडी आणि पुढे रायगडच्या किनाऱ्यावर काढतोय. खारफुटीच्या किती जाती दिसतील, त्या ओळखायच्या कशा, नोंदी काय घ्यायच्या? या झाडांना मीठ लागतंच का, की नाशिकला कुंडीतही ती जगतील? आणि जमलं तर तिथे काही रोपं लावून यावं असं मनात आहे, ते बरोबर ठरेल का?

आकड्यापासून सुरू करतो, म्हणजे ती उत्सुकता एकदाची मिटेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खऱ्या खारफुटीच्या साधारण वीस जाती आहेत. देशभरात चाळीस-पंचेचाळीसच्या घरात, आणि त्यातल्या बहुतेक सुंदरबन, भितरकणिका नि अंदमानकडे. तुमच्या दोन दिवसांच्या सहलीत नीट बघितलंत तर आठ-दहा दिसतील. ठाणे खाडीत तर पहिला तासभर एकच झाड दिसत राहील: तिवर, पुढे तिवर, मागे तिवर. आमच्या बॅचमधली एक मुलगी वैतागून म्हणाली होती, "सर, यापेक्षा अंजनेरीला गेलो असतो." तिचं चूक नव्हतं. पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर गुडघे टेकून बसलं तर चटईएवढ्या जागेत खाडीतल्या मैलभरापेक्षा जास्त जाती निघतात, आणि त्या डोंगराचं नाव मिरवणारं कंदीलपुष्पही तिथेच भेटतं. खाडीत जातींची यादी मोठी करायला जाऊ नका. तिथे बघायचं ते इतकंच, की एकाच चिखलात दहा पावलांवर झाड का बदलतं. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी पाण्यात सापडतं: पाणी कुठवर येतं, किती वेळ थांबतं आणि किती खारट आहे.

खारटपणाचं म्हणाल तर नाशिककरांना तो पुस्तकातून शिकवावा लागत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा. पाणी परीक्षणाच्या कागदावर तो आधी ईसीचा, म्हणजे विद्युतवाहकतेवरून क्षार मोजणारा आकडा बघतो. द्राक्षाला मातीच्या अर्कातली ईसी दीडच्या वर गेली की उत्पन्नाला कात्री लागायला सुरुवात होते. मग पानांच्या कडा करपतात, आणि म्हणूनच आपल्याकडे बागा क्षार सोसणाऱ्या डॉगरिजच्या खुंटावर आल्या. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या जमिनी तुमच्यापैकी काहींच्या घरच्याही असतील. आता समुद्राच्या पाण्याची ईसी बघा: पन्नासच्या आसपास. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. ज्या पाण्याच्या तिसाव्या हिश्शाने द्राक्षवेल कुरकुरते, त्या पाण्यात तिवर पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे.

ते उभं राहणं फुकटचं नाही. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी ओढून घ्यायचं तर झाडाला खोडातल्या नळ्यांमध्ये निदान २५ वातावरणांइतका ताण धरावा लागतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या दहापटीहून जास्त, आणि तोही उलट्या दिशेने, म्हणजे ओढीचा. त्यामुळे या झाडांच्या नळ्या बारीक, लाकूड घट्ट, वाढ सावकाश. कांदळाचं मनगटाएवढं खोड बघून "हे दोन वर्षांचं असेल" असं म्हणू नका.

मिठाशी निभावून नेण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही तुम्हाला हाताने पडताळता येतील. पहिली, मीठ मुळाशीच अडवणं. कांदळ आणि झुंबर यात पटाईत, मिठाचा ९९ टक्क्यांच्या आसपास भाग मुळांबाहेरच राहतो. तिवरही अडवतं, पण जरा ढिलाईने, सुमारे ९० टक्के. म्हणून त्याला दुसरी तऱ्हा लागते, आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकणं. काजळा आणि मारांडी हेच करतात. सकाळी दव वाळल्यावर काजळ्याचं पान तिरक्या उन्हात धरा, बारीक स्फटिक चमकतात. तिवराच्या पानाला जीभ लावून बघायला हरकत नाही, आम्ही सगळेच बघत आलो. तिसरी तऱ्हा, मीठ पानातच साठवून पानं रसाळ आणि जाड करणं, जसं चिपी करते.

जीभ लावायची ती फक्त तिवराला. फुंगळीला, जिला कुठे हुरा, कुठे गेवा म्हणतात, हातही लावू नका. तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर सुजतो, काही काळ दिसेनासं होतं. फांदी मोडणारा आणि डोळे चोळणारा एक जण प्रत्येक बॅचमध्ये असतोच, त्याला आधीच हेरून ठेवा. थंडीत ही ओळखायला सोपी असते, कारण हिची पानं गळायच्या आधी लालभडक होतात.

जाता जाता, जुन्या पाठ्यपुस्तकांत एक वाक्य हमखास सापडतं: खारफुटी जुन्या पानांत मीठ भरते आणि ती पानं गाळून मिठाची विल्हेवाट लावते. वाचायला छान, परीक्षेत मार्कही मिळतात. पण पिकलेल्या आणि हिरव्या पानांतल्या मिठाचं प्रमाण मोजून पाहिल्यावर अनेकांना तसा मोठा फरक दिसलेला नाही. तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे. गळालेली पानं परवानगीने आणा, वाळवा, जाळून राख करा, क्लोराइड काढा. प्रकल्पासाठी दुसरा विषय शोधायला नको.

आता भावकीकडे येतो. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि वर्गात नेहमी घाईत उरकला जातो. "खारफुटी" असं वनस्पतींचं एक कूळ नाही. वेगवेगळ्या घराण्यांतली झाडं आपापल्या वाटेने समुद्रात उतरली आणि तिथल्या अडचणींनी त्यांना एकसारखं घडवलं. त्यांचे जमिनीवरचे भाऊबंद तुम्ही रोज बघता. तिवर हे अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातलं. चिपीचं कूळ सटाण्याच्या डाळिंबाचं, मेंदीचं आणि आपलं राज्यफूल ताम्हणाचं. फुंगळी एरंडाच्या घरातली, चीक त्याची साक्ष देतो. दक्षिण कोकणात मोजक्या खाड्यांत आढळणारा झायलोकार्पस कडुनिंबाचा नातलग, आणि तिकडचीच सायनोमेट्रा चिंचेची. लुम्निट्झेरा म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या जंगलातल्या ऐनाची चुलत बहीण. कांदळाच्या कुळाचं म्हणाल तर सह्याद्रीत ओढ्याकाठी फणशी म्हणून झाड असतं, तेच त्याचं घाटावरचं घर. सहलीच्या आधीच्या आठवड्यात या सगळ्यांची पानं-फुलं एकदा हाताखालून घाला. मग खाडीत तिवराचं पिवळसर फूल भिंगाखाली बघताना अडुळशाशी असलेलं नातं आपोआप दिसेल.

नावांच्या बाबतीत सावध राहा. किनाऱ्यावर नाव खाडीगणिक बदलतं. एके ठिकाणी कांदळ म्हणजे फक्त रायझोफोरा, पुढच्या गावात सगळी खारफुटीच कांदळ. म्हणून वहीत स्थानिक नाव, गाव आणि शास्त्रीय नाव तिन्ही लिहा. सांगणारा कोळी चुकीचं सांगत नसतो, तो त्याच्या खाडीचं नाव सांगत असतो.

प्रत्यक्ष ओळखायला वरपासून खाली न बघता खालून वर बघा, म्हणजे मुळांपासून सुरुवात. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वीतभर मुळं वर आलेली दिसली की आसपास तिवर आहे. एका मोठ्या झाडाला अशी हजारो असतात. तीच मुळं जाडजूड, खालून रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेली तर चिपी. खोडापासून कमानी निघून चिखलात उतरल्या असतील तर कांदळ. मूळ वर येऊन गुडघा दुमडावा तसं वाकून पुन्हा खाली गेलं असेल तर झुंबर. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

मग पान. तिवराच्या पानाची खालची बाजू रुपेरी-पांढुरकी, टोक निमुळतं, ती मरिना ही जात. टोक गोलसर, खालची बाजू पिवळट हिरवी आणि फुलं ठसठशीत असतील तर ऑफिसिनॅलिस. कांदळाच्या पानाच्या टोकाला टोचणारा काटा असतो आणि पाठीमागे बारीक काळे ठिपके. झुंबराला ते ठिपके नाहीत. किरकिरीच्या पानाचं टोक गोल किंवा किंचित खाच पडलेलं. मारांडी तर अंधारातही ओळखू येते, कारण तिचं पान बोचतं. चिपींमध्ये अपेटाला या जातीच्या डहाळ्या खाली लोंबतात, दुरून विलायती बाभळीशेजारी विलोचं झाड उभं असल्यासारखी दिसते. अल्बाची पानं गोलसर आणि जाड. तिचं फूल रात्री उमलतं, पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका सकाळपर्यंत गळून चिखलात पडलेला असतो, आणि परागीभवनाचं काम वटवाघळं करतात. ही पांढरी चिपी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. असा मान खारफुटीला देणारं हे देशातलं पहिलं राज्य.

कांदळाला लटकणाऱ्या हिरव्या दांड्या बघून सगळे त्यांना शेंगा म्हणतात. ती शेंग नव्हे, झाडावरच रुजलेलं रोप आहे. बी फळातच अंकुरतं, आईच्या अंगावर महिनोन्‌महिने वाढतं आणि मग खाली पडतं. झुंबराचं रोप पडताना डोक्यावर पाकळ्यांसारखा निदलपुंज, म्हणजे फुलाच्या तळाची वाटी, घेऊन पडतं, कांदळाचं एकटं सुटून येतं. हा फरक चिखलात पडलेल्या रोपांवरून जाती ओळखायला फार उपयोगी आहे. तिवर आणि काजळ्यातही बी झाडावरच अंकुरतं, पण फळाचं कवच फोडत नाही. तिवराची फळं पावसाळ्यातली, थंडीत तुम्हाला ती दिसणार नाहीत. त्यांची चार-सहा पानांची पिल्लं मात्र मुळांच्या पेन्सिलींमध्ये अडकून उभी असतील. ती मोजायची आहेत, पुढे सांगतो.

चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येईल. नाक मुरडू नका, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि इथे प्राणवायू नाही अशी पाटीच समजा. बोटभर खाली चिखल काळा निघतो. म्हणून मुळं वर येतात. शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ साली दाखवलं होतं की भरतीत मुळं बुडाली की आतला प्राणवायू वापरला जाऊन आतला दाब उतरतो आणि ओहोटीला मुळं उघडी पडताच त्यांच्या छिद्रांतून हवा आत खेचली जाते. म्हणजे भरती-ओहोटीच या झाडांना श्वास घ्यायला लावते. याच कारणाने बांध घालून पाणी कोंडलं तर तिवर आठवड्यांत मान टाकतं, आणि बांध घालून पाणी तोडलं तरी सावकाश मरतं. कुऱ्हाड न लावता खारफुटी मारण्याचे हे दोन मार्ग ज्यांना माहीत असायला नकोत त्यांना नेमके माहीत आहेत.

प्राणवायूविना कुजणं मंद होतं, म्हणून पाचोळा आणि मुळं चिखलात शतकानुशतकं साठत जातात. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या खारफुटींत हेक्टरी सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन मोजला गेलाय, त्यातला बहुतांश मातीत. आपल्या किनाऱ्याला हा आकडा तसाच्या तसा चिकटवू नका, आपली झाडं ठेंगणी आणि पट्टे अरुंद आहेत.

आता वेळ. भरती-ओहोटी न बघता निघालेली सहल ही बसमध्ये डबे खाऊन परत येते. कोकणात हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी भर दुपारी, पण ती भांगाची, पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, पण तेव्हाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाला, तुमच्या सोयीची नाही. म्हणून तृतीया-चतुर्थी पकडा. पाणी अजून उधाणाच्या जोरात असतं आणि सकाळी आठ-नऊला चिखल उघडा मिळतो. त्यासाठी नाशिकहून पहाटे चारच्या आत बस हलली पाहिजे आणि कसारा घाटात चहाला थांबायचं नाही. पक्कं करण्याआधी छापील कोष्टक बघा, पाऊणपट हा अंदाज आहे.

खाडीकाठी पोहोचल्यावर काठाला काटकोनात दोरी टाका, पाण्याकडून जमिनीकडे. सुरुवातीला चिपी आणि तिवर, ओहोळांच्या कडेने कांदळ, जरा उंचावर काजळा, किरकिरी, झुंबर, आणि फक्त उधाणाचं पाणी जिथे पोहोचतं तिथे फुंगळी, मारांडी, पिलू. त्याच्याही मागे मीठ फुटलेल्या उघड्या जागेत मोरासासारख्या लालसर रसाळ वनस्पती. पुस्तकात हे पट्टे शिवलेल्या साडीसारखे दिसतात. प्रत्यक्षात कुठे ओहोळ आत घुसलेला, कुठे जुनं मिठागर, कुठे राडारोडा, त्यामुळे पट्टे विस्कटलेले. ते विस्कटलेलेच नोंदवा. एका बॅचने चार्ट सुंदर यावा म्हणून मधली फुंगळी गाळली होती. नेमकी ती फुंगळी एका बुजलेल्या बांधावर उभी होती, आणि तोच त्या खाडीचा इतिहास होता.

रायगडात गेलात तर खारबंदिस्तीची शेतं जरूर बघा. पेण-अलिबागकडे खाडीचं पाणी मातीच्या बांधांनी आणि उघाड्यांनी, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दारांनी, अडवून पिढ्यान्‌पिढ्या भात घेतला गेला. जिथे बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही तिथे भरती आत आली, पाठोपाठ तिवर आलं, आणि आता सातबाऱ्यावर भातशेत आणि जागेवर कांदळवन अशी अवस्था आहे. कुणी लावायला गेलं नव्हतं. याबद्दल शेतकऱ्याशी बोलताना पर्यावरणाचं व्याख्यान देऊ नका, त्याची जमीन गेलेली आहे.

नोंदी साध्या ठेवा. दोरीवर ठरावीक अंतराने दहा बाय दहा मीटरचे चौकोन. त्यात प्रत्येक झाडाची जात आणि छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३ मीटरवरचा घेर. कांदळाला मात्र तिथे कमानीच असतात, म्हणून सर्वांत वरच्या कमानीपासून ३० सेंटिमीटर वर मोजायचं. प्रत्येक चौकोनात एक बाय एक मीटरमध्ये रोपं मोजा. मोठी झाडं भरपूर आणि पिल्लं शून्य असतील तर ते जंगल म्हातारं होतंय किंवा पाण्याची वाट अडलीय. हे झाडांच्या यादीतून कळत नाही. खारटपणासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर लागेल. द्राक्षाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचा तो घरी असेलच, तत्त्व तेच, पण त्यावरची पट्टी साखरेची आहे, तो आकडा क्षारता म्हणून लिहू नका. चिखलात काठीने खड्डा करून त्यात झिरपलेलं पाणी मोजा. खाडीतलं वाहतं पाणी आणि मुळाशी असलेलं पाणी यांत फरक असतो, आणि झाड दुसरं पितं. थंडीत मागच्या उंच पट्ट्यात हे पाणी समुद्रापेक्षा खारट निघालं तर चकित होऊ नका, उन्हाने आटलेलं असतं.

ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आपल्या नांदूर मध्यमेश्वरचा तो दर्जा २०२० मध्ये जाहीर झाला, राज्यात पहिल्यांदा. तेव्हा वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या, पान तोडण्याचीही. ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र बघून मग चिखलात उतरलात तर उत्तम.

चिखलात डोळे खाली ठेवा. निवट्या मुळांवर चढून बसलेल्या दिसतील, पाण्याबाहेर बसणारा मासा बघून शहरी मुलांचा चहा थंड होतो. खेकडे पाचोळा बिळात ओढून नेतात आणि बिळांतून चिखलात हवा खेळवतात. चिंबोऱ्या आणि कोळंबीची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला मोठी होतात. एक गोष्ट मात्र नाशिककर म्हणून मला फार गंमतीची वाटते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठाण्या-मुंबईकडे तिवरांची पानं अचानक चाळणी होतात, हिरवं बन तपकिरी पडतं, आणि वर्तमानपत्रांना फोन जातात की कुणीतरी औषध टाकून खारफुटी मारली. ती अळी असते, हायब्लिया प्युएरा. तीच, जी पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या सागाच्या पानांची जाळी करते. फवारणी करायची नसते. काही आठवड्यांत तिवर पुन्हा पालवतं आणि अळीची विष्ठा खाडीला खत होते.

आणि आता नाशिकचं पाणी. ब्रह्मगिरीच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरी होऊन पूर्वेला निघतो आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून आंध्रात काकिनाड्याजवळ समुद्राला मिळतो. तिथे कोरिंगाचं मोठं खारफुटीचं जंगल आहे. ते उभं आहे त्या गाळात आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचाही वाटा आहे. आपण मात्र गंगापूरपासून जायकवाडीपर्यंत आणि पुढेही नदी पायरीपायरीने अडवली. गाळ धरणांत बसतो आणि तिकडे समुद्र किनारा खातो. धरणं नकोत असं म्हणणारा मी नाही, माझ्याही नळाला गंगापूरचंच पाणी येतं.

त्याच डोंगररांगांतून वैतरणा पश्चिमेला उतरते. दमणगंगा, नार, पार याही आपल्याच जिल्ह्याच्या, त्याही अरबी समुद्राकडे जाणाऱ्या. वैतरणेच्या खाडीत पालघरच्या बाजूला चांगली खारफुटी आहे. पण इगतपुरी तालुक्यातल्या ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. तिथे नळातून घरात, मोरीतून गटारात, आणि भांडुप-घाटकोपरच्या केंद्रांतून ठाणे खाडीत. म्हणजे तुम्ही ज्या तिवराखाली उभे राहाल त्याच्या मुळाशी इगतपुरीचा पाऊस पोहोचलेला असेलच, फक्त मधल्या वाटेत त्याचं काय झालं ते वासावरून कळेल. तिवर हे मैलापाणी, ती गाळाची भर, तो कमी-जास्त खारटपणा सगळं सोसतं आणि पसरतं. किरकिरी, झुंबर, कांदळ इतके सोशिक नाहीत. तासभर एकच झाड का दिसलं याचं एक कारण हे.

राहिला रोपं लावण्याचा प्रश्न. माझं उत्तर नको असं आहे, आणि ते मी चूक करून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेबरोबर आम्ही ओहोटीच्या उघड्या चिखलावर कांदळाच्या दांड्या ओळीने रोवल्या. फोटो झकास आले. पावसाळ्यानंतर गेलो तर ओळी गायब, उरलेल्या दांड्यांना कालवं चिकटलेली. कारण साधं होतं. खारफुटी सरासरी समुद्रपातळीच्या वरच्या भागात वाढते, आम्ही लावलं ते त्याच्या खाली. जिथे आधीपासून एकही झाड नाही तिथे ते का नाही, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, मीसुद्धा नाही. तो उघडा चिखल रिकामा नव्हताच, रोहित पक्षी आणि तुतवार तिथेच चरतात. फिलिपिन्समध्ये अशाच मोठमोठ्या लागवडींत जगलेली रोपं १० ते २० टक्क्यांवर आली होती. उलट जिथे बुजलेली मोरी मोकळी केली, बांधाला वाट दिली, तिथे रोपं पाण्याबरोबर आपणहून येतात, आणि योग्य जात योग्य उंचीवर बसते. तुम्हाला हाताने काही करायचंच असेल तर पेन्सिली-मुळांवर अडकलेलं प्लास्टिक काढा. त्या मुळांची छिद्रं झाकली जातात, हे काम दिखाऊ नाही पण कामाचं आहे. तोडीबद्दल काही दिसलं तर जागा आणि तारीख टिपून कांदळवन कक्षाला कळवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खाजगी जमिनीवरच्या खारफुटीलाही संरक्षण आहे, आणि हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बनाभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखीव धरतात.

कुंडीचं विचारलंत. मीठ लागतंच असं नाही. बहुतेक जातींची वाढ थोड्या खारट पाण्यात सर्वांत चांगली होते, पण गोड्या पाण्यातही त्या जगतात. गोड्या पाण्याकाठी त्या दिसत नाहीत कारण तिथे करंज, जांभूळ, गवतं त्यांना पुढे येऊ देत नाहीत. खारट चिखल ही त्यांची आवड कमी आणि इतरांना न झेपणारी जागा जास्त. गंगापूर रोडच्या माझ्या गच्चीवर वाहत आलेली कांदळाची एक दांडी बादलीत काळी माती आणि नळाचं पाणी घालून ठेवली होती. सहा वर्षं जगली. गुडघ्याएवढी झाली, दोन कमानी काढल्या, बादलीत भरती येत नाही हे तिला कधी कळलं नसावं. मग एका जानेवारीत निफाडचा पारा फारच उतरला, आमच्याकडेही गारठा पडला आणि पानं काळी पडून ती गेली. मीठ नव्हतं म्हणून मेली नाही, थंडीने मेली. जगभर खारफुटी उष्ण पट्ट्यातच का सापडते, याची प्रचीती मला घरच्या गच्चीवर मिळाली.

जुने बूट घाला, नाडीचे. सँडल पहिल्या दहा पावलांत चिखल ठेवून घेतो. चार्ट तयार झाला की मला दाखवा, मधली फुंगळी न गाळता.